सोबत फुकटची नव्हे

साठी उलटलेला माणूस ताटावरून अर्धपोटी उठू लागला, रात्ररात्र आढ्याकडे पाहत पडून राहू लागला, ‘देवाने आता न्यावे’ असे दिवसातून चारदा म्हणू लागला, म्हणजे आपल्या समाजात त्याचे निदान उंबरठ्याच्या आतच उरकले जाते. ‘वय झाले’ हे ते निदान. त्याला डॉक्टर लागत नाही, तपासणी लागत नाही, आणि त्यावर उपायही नसतो. घरची माणसे निष्ठुर असतात म्हणून असे घडते, असे नव्हे. वार्धक्य आणि खिन्नता ही जणू जुळी भावंडे आहेत, एक आले की दुसरे मागोमाग येणारच, ही समजूत आपल्यात इतकी मुरली आहे की, दुःख आणि आजार यांतील भेद म्हाताऱ्या माणसापुरता आपण पुसूनच टाकला आहे. जोडीदार गेल्याचे दुःख होणे हा आजार नव्हे. पण वर्ष लोटले तरी सकाळी उठून तोंड धुण्याचे त्राण उरू नये, नातवंडाचा आवाजही नकोसा व्हावा, आपण सर्वांना भार झालो आहोत हा एकच विचार घाण्याच्या बैलासारखा डोक्यात फिरत राहावा, हा आजार आहे. आणि तो बरा होऊ शकतो.

तो किती जणांना आहे? केंद्र सरकारच्या वतीने २०१७-१८ साली ४५ वर्षांपुढील ७२,००० हून अधिक लोकांची जी देशव्यापी पाहणी झाली आणि जी ‘लासी’ या नावाने ओळखली जाते, तिच्यात साठीपुढील ८.३ टक्के लोकांत विषादविकाराची लक्षणे आढळली. हा आजार असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे, असे म्हणणारे मात्र त्याच वयोगटात अवघे ०.८ टक्के निघाले. निदान झालेल्या एका म्हाताऱ्यामागे निदान न झालेले नऊ जण अंधारात उभे आहेत, असा या दोन आकड्यांचा अर्थ होतो. उलट बाजूने पाहिले तर हेही ध्यानात येते की, साठीपुढील नव्वदांहून अधिक टक्के लोकांना हा विकार नाही. खिन्नता हा वार्धक्याचा धर्मच असता, तर हे घडले नसते.

निदान होत नाही याचे एक कारण असे की, म्हातारे माणूस मनाचे दुखणे मनाच्या भाषेत सांगत नाही. डोके जड होते, कंबर धरते, पोटात गोळा उठतो, हातापायांतून मुंग्या येतात, झोप लागत नाही, अशा तक्रारी घेऊन ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओळीत उभे राहते, आणि शंभर रुग्ण तपासून थकलेला डॉक्टर त्याच्या हातावर दुखण्याच्या व ताकदीच्या गोळ्या ठेवतो. चुकतो तो एकटा डॉक्टर नव्हे. आयुष्यभर शेतात, गिरणीत, धक्क्यावर राबलेल्या माणसाला ‘मला उदास वाटते’ हे वाक्य कोणी शिकविलेलेच नसते. रडणे हे बाईचे आणि मन उलगडणे हे रिकामटेकड्यांचे, अशा संस्कारात ज्यांची हयात गेली, त्यांनी सत्तरीत येऊन मानसोपचारतज्ज्ञाचा दरवाजा ठोठवावा, ही अपेक्षाच मुळी अवास्तव आहे.

आणि ठोठवायला दरवाजा तरी कुठे आहे? १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम जाहीर झाला, १९९६ साली तो जिल्हा पातळीवर नेण्याचे ठरले, २०१७ साली मानसिक आरोग्यसेवा हा कायद्याने नागरिकाचा हक्क झाला. इतके होऊनही या देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञ पुरता भरत नाही, आणि जे आहेत ते बहुतांशी शहरांत आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीने सल्ला देणारी ‘टेली-मानस’ सेवा सुरू झाली. ती चांगली आहे. संकटाच्या रात्री ती एखाद्याचा जीव वाचवू शकते. परंतु ज्याला ऐकू कमी येते, ज्याचा फोन सुनेच्या हाती असतो आणि ज्याची खोली म्हणजे चाळीतल्या बिऱ्हाडाचा एक कोपरा, त्याने आपले मन कोणाला ऐकू न जाता फोनवर कसे मोकळे करावे?

या अडचणीतून एका गरीब देशाने जी वाट काढली, तिची दखल जगाला घ्यावी लागली. तो देश झिंबाब्वे. २००५ साली तेथील राजवटीने शहरांतील झोपडपट्ट्या बुलडोझर घालून सपाट केल्या. लक्षावधी माणसे उघड्यावर आली. त्याच सुमारास डॉ. डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञाच्या एका तरुण रुग्ण मुलीने आत्महत्या केली. रुग्णालयात यायला तिच्याजवळ बसभाडे नव्हते, हे त्यांना मागाहून कळले. डॉक्टरांनी आपली दिशा बदलली ती तेथून. हरारे शहरातील म्बारे या कष्टकऱ्यांच्या वस्तीत त्यांना २००६ साली मिळाल्या त्या १४ म्हाताऱ्या बाया. त्या आधीपासूनच शहराच्या आरोग्यखात्यासाठी घरोघर फिरत असत. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली एक लाकडी बाक टाकला गेला, आणि त्या बाकावर आजी बसू लागली.

या कामाचे नावही आजींनीच सुचविले, ही गोष्ट आपल्याकडील तज्ज्ञांनी नोंदवून ठेवावी. ‘मानसिक आरोग्याचा बाक’ असे डॉक्टरांच्या मनात होते. त्यावर कोणी बसणार नाही, त्याला मैत्रीचा बाक म्हणा, असे आजींनी सांगितले. त्यांच्या शोना भाषेत या आजाराला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे विचारांचा अतिरेक. आजी समोरच्याला आधी मन उघडू देते, मग त्याच्या सगळ्या अडचणींपैकी एकच निवडायला लावते आणि तिच्यावर या आठवड्यात काय करता येईल ते त्याच्याच तोंडून काढते. पुढच्या भेटीत त्या एका गोष्टीची चौकशी होते. अशा सहा भेटी, आणि त्यानंतर ज्यांना हवे त्यांच्यासाठी बैठकीचे मंडळ. त्या मंडळात बाया टाकाऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या विणता विणता बोलतात. या उपचाराची रीतसर परीक्षा २४ दवाखान्यांत ५७३ रुग्णांवर झाली आणि २०१६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत विषादाची लक्षणे टिकून होती. बाकावर बसून गेलेल्यांत ती १३.७ टक्क्यांवर आली होती.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हरारेच्या त्या परीक्षेतील रुग्ण म्हातारे नव्हते. बहुतांशी तिशी-चाळिशीतल्या स्त्रिया होत्या, आणि त्यांतील अनेकींना एचआयव्हीची लागण झालेली होती. वृद्ध होत्या त्या आधार देणाऱ्या. म्हातारे माणूस हे केवळ सेवा घेण्याचे पात्र नसून सेवा देण्याची शक्ती आहे, एवढे त्या बाकाने सिद्ध केले. वृद्ध रुग्णांचे काय, याचे उत्तर शोधायला आपल्याला आफ्रिकेत जाण्याची गरज नाही. ते गोव्यात मिळते.

गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या साठीपुढील १८१ जणांवर डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१९ साली छापून आले. या लोकांना विषादविकार पुरता जडलेला नव्हता, पण ते त्याच्या काठावर होते. त्यांतील निम्म्यांकडे नेहमीचीच व्यवस्था राहिली. उरलेल्यांकडे वैद्यकीय पदवी नसलेले, पण नीट शिकविलेले स्थानिक सल्लागार जाऊ लागले. वर्षाअखेर पहिल्या गटातील ९० पैकी १३ जणांना विकार पूर्णपणे जडला. दुसऱ्या गटातील ९१ पैकी चौघांना. आकडा लहान आहे, त्यावर मनोरे रचू नयेत. परंतु ते सल्लागार करीत काय होते, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. अडचणी एकेक करून सोडविण्याची पद्धत ते शिकवीत, झोपेची घडी बसवून देत, मधुमेहासारख्या आजारात स्वतःची काळजी कशी घ्यावी हे सांगत. आणि त्याच बरोबरीने, सरकारी वैद्यकीय व सामाजिक योजनांचा लाभ पदरात पडावा म्हणून ते म्हाताऱ्यांना मदत करीत. उपचाराचा तो एक रीतसर भाग होता.

या शेवटच्या कलमावर थांबले पाहिजे. हातात दोन पैसे येण्याची वाट मोकळी होणे, हे मनाच्या औषधाचे एक अंग म्हणून येथे गणले गेले. नाशिक जिल्ह्यात २०१३ पासून पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाच्या मानसिक आरोग्यविषयक केंद्राने ‘आत्मीयता’ नावाचे जे काम उभे केले, त्यातही गावातलेच कार्यकर्ते शेजाऱ्याचे मन ऐकतात आणि त्याचबरोबर त्याला शासकीय योजनेपर्यंत नेऊन पोचवितात. झोप का लागत नाही, या प्रश्नाचे उत्तर कधी कधी तहसील कचेरीत अडकलेल्या कागदात असते. ज्या म्हातारीच्या हयातीच्या दाखल्यावर अंगठ्याचा ठसा उमटत नाही म्हणून तिचे मानधन थांबले आहे, तिला ‘सकारात्मक विचार करा’ असा उपदेश करणे हा उपचार नव्हे, ती थट्टा आहे.

मग सोबत्याचे काम ते नेमके कोणते? पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ने व्यसनाच्या बाबतीत याचे उत्तर महाराष्ट्राला केव्हाच दाखवून दिले आहे. त्यामागे १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरण्यापासून सुरू झालेली परंपरा आहे. ज्याने ती वाट तुडविली आहे, त्याचे ‘मलाही असेच झाले होते’ हे एक वाक्य रुग्णाच्या मनात जिथवर शिरते, तिथवर पुस्तकी उपदेश पोचत नाही. विषादाने ग्रासलेल्या वृद्धाला तर याची अधिकच गरज असते. त्याच्या आजाराचा गाभाच ‘मी आता कोणाच्या उपयोगाचा नाही’ हा असतो. तरुण डॉक्टर, तरुण समाजसेविका, मुलगा, सून ही सारी माणसे त्याला काहीतरी देत असतात, आणि प्रत्येक देण्याबरोबर त्याची ती भावना घट्ट होत जाते. समवयस्क सोबत्याशी व्यवहार बरोबरीचा असतो. आज याने त्याची गुडघेदुखी ऐकली, उद्या तो याच्या मुलाच्या अबोल्याची कहाणी ऐकेल. विषादविकारात अशा परस्पर आधाराचा उपयोग नेहमीच्या उपचारापेक्षा अधिक होतो, असा निष्कर्ष २०११ साली अनेक प्रयोगांच्या एकत्रित पाहणीतूनही निघाला होता.

अर्थात सोबतीला मर्यादा आहेत आणि त्या लपविण्यात हशील नाही. थायरॉइड मंदावला, एखादे औषध मानवले नाही, लहानसा पक्षाघात होऊन गेला, तरी माणूस असाच निस्तेज दिसतो. त्याची तपासणी बाकावर होत नाही. जो जीव देण्याची भाषा बोलतो, ज्याने खाणेपिणेच टाकले आहे, त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पोचविणे हे सोबत्याचे कर्तव्य आहे, आणि ते पार पाडण्यासाठी ओळखीचा डॉक्टर व जवळचा दवाखाना आधी असावा लागतो. दुसरी मर्यादा गुप्ततेची. चाळीत आणि गावात सांगितलेली गोष्ट पाण्याला जाते आणि चव्हाट्यावरून परत येते. सुनेविषयी बोललेले सुनेच्या कानी गेले, की त्या म्हातारीचे तोंड कायमचे मिटते. ऐकून पोटात ठेवणे हा स्वभावाचा भाग असला तरी शिकविल्याशिवाय त्याला शिस्त येत नाही. म्हणूनच सोबती निवडावा लागतो, त्याला शिक्षण द्यावे लागते, आणि त्याने जे ऐकले त्याचा भार हलका करायला त्याच्यामागेही कोणी असावे लागते. स्वतः पडलेल्या माणसाला दुसऱ्या पडलेल्याचे ओझे एकट्याने उचलायला लावले, तर दोघेही जमिनीवर येतात.

हे सारे लक्षात घेतले म्हणजे ‘आपल्याकडे ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, विरंगुळा केंद्रे आहेत, मग नवे काय हवे’ या प्रश्नाचा विचार करता येतो. महाराष्ट्रात १९८० च्या दशकापासून ज्येष्ठ नागरिक संघांचे जाळे विणले गेले आणि इतर प्रांतांनी हेवा करावा इतके ते पसरले, हे खरे आहे. त्यांचे ऋण मान्य करावे लागेल. तरीही त्यांच्या सभासदांकडे नीट पाहिले तर वर्ग दिसतो. बँकेतून, शाळेतून, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला, ज्याच्या खात्यावर पहिल्या तारखेला निवृत्तिवेतन जमा होते, असा तो पुरुष. तेथे व्याख्याने होतात, वाढदिवस होतात, सहली निघतात. ज्याचा वाढदिवस कोणी लिहूनच ठेवला नाही, तो हमाल तेथे कशाला जाईल? खेड्यात पारावर बसणारी म्हातारी माणसे पाहावीत. त्या पारावर बाई नसते, आणि कोणत्या आळीचा म्हातारा कोठे बसतो हे आजही न सांगता ठरलेले असते. बाकाची कल्पना गोड वाटते खरी. पण या समाजात कोण कोणाच्या शेजारी बसतो, याचा निकाल लागल्याशिवाय बाकावर सगळ्यांना जागा मिळणार नाही.

स्त्रियांची गोष्ट तर आणखी वेगळी. पुरुष बायकोच्या आधी मरतो, कारण तो वयाने मोठा असतो. त्यामुळे वृद्ध एकाकी माणूस म्हणजे बहुधा विधवा. जन्मभर तिचा मैत्रीचा जो काही गोतावळा होता, तो हळदीकुंकू, डोहाळजेवण, लग्नकार्ये यांतून बांधलेला होता. कुंकू पुसले त्या दिवशी त्या सगळ्या दारांवर तिला अडविले जाते. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा त्याचे कौतुक समाजसुधारणा म्हणून झाले आणि ते योग्यच होते. परंतु मानसिक आरोग्याचा कार्यक्रम म्हणूनही त्या ठरावाकडे पाहायला हवे होते. म्हाताऱ्या बाईला सोबत नाही ती वयामुळे नव्हे. रूढीने ती तोडून घेतली म्हणून. त्या मानाने भजनी मंडळ, बचत गट आणि दिंडी या जागा तिला अद्याप उघड्या आहेत. सोबतीचे काम उभे करायचे तर ते याच जागांतून उभे करावे लागेल. पांढऱ्या कोटातील माणसाने फलक लावून ते उभे राहणार नाही.

पुरुष कष्टकऱ्यांसाठी अशी जागा म्हणजे त्यांची संघटना. पुण्याच्या हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, ती राबणाऱ्याला स्वस्तात पोटभर जेवता यावे म्हणून. पाठीवर पोती वाहून मणके झिजलेला हमाल निवृत्त झाला की त्याचे अड्ड्यावर जाणे थांबते, आणि अड्ड्याबरोबर त्याचे सारे जगच थांबते. त्याच पंचायतींच्या, माथाडी मंडळांच्या, कामगार संघटनांच्या कचेऱ्यांत आठवड्यातून एक दुपार निवृत्तांसाठी राखून ठेवता येणार नाही काय? १८ जानेवारी १९८२ रोजी संपावर गेलेले मुंबईतील अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार आता सत्तरी-ऐंशीत आहेत. कित्येक निघून गेले. जे उरले ते घरांच्या मागणीसाठी सभांना येतात. बुलढाण्यात २०१८ साली ईपीएस-९५ च्या निवृत्तिवेतनधारकांनी सुरू केलेले साखळी उपोषण वर्षानुवर्षे चालले. अशा मांडवात बसलेल्या वृद्धांना कोणी रुग्ण म्हणत नाही, पण तेथे रोज कोणीतरी त्यांची वाट पाहत असते, आणि गैरहजर राहिल्यास दुसऱ्या दिवशी चौकशी होते. लढा हा उपचार नव्हे, आणि आजाऱ्याला घोषणा देऊन बरे करता येत नाही. तथापि वाट पाहणारे कोणीतरी असणे हे औषधाच्या फार जवळचे असते, एवढे त्या मांडवांनी दाखविले आहे.

आता खऱ्या धोक्याकडे वळले पाहिजे. गोव्यातील आणि हरारेतील आकडे मंत्रालयात पोचतील तेव्हा ते कसे वाचले जातील? डॉक्टर न नेमता काम भागते, असेच ते वाचले जाण्याचा संभव अधिक. ही भीती काल्पनिक नव्हे. २००५ साली आशा नेमल्या गेल्या, तेव्हा त्यांना कामगार म्हटले नाही, ‘स्वयंसेविका’ म्हटले. नाव स्वयंसेविकेचे आणि काम दिवसरात्रीचे, अशा त्या व्यवस्थेविरुद्ध महाराष्ट्रातील आशांना जून २०२१ मध्ये महासाथ चालू असताना संप करावा लागला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा रस्त्यावर यावे लागले. उद्या ‘आजीचा बाक’ नावाची योजना निघेल, तिचे उद्घाटन होईल, छायाचित्रे छापून येतील, आणि म्हातारीच्या मायेला मोल नसते असे सांगून तिला मोलही दिले जाणार नाही. मायेला मोल नसते हे खरेच आहे. पण एसटीच्या भाड्याला असते, दुपारच्या जेवणाला असते, आणि तिने दिलेल्या चार तासांना असते. हरारेच्या आजी शहराच्या आरोग्ययंत्रणेचा भाग होत्या. त्या कोणाच्या दयेवर बाकावर बसल्या नव्हत्या. त्या यशोगाथेतून हे एक कलम आपल्याकडे येताना गळून पडू नये.

सोबत्याला मोबदला दिला तर त्यातील जिव्हाळा जाईल, असा आक्षेप येतो. तो बहुधा ज्यांना मोबदल्याची गरज नाही त्यांच्याकडून येतो. शिक्षकाला पगार मिळतो म्हणून त्याचे विद्यार्थ्यावर प्रेम नसते काय? परिचारिकेचा हात पगारपत्रकावर सही केल्याने कठोर होतो काय? साठीच्या पुढे कोणी कामावर घेत नाही अशा बाईला तिच्या शहाणपणासाठी महिन्याकाठी ठरावीक रक्कम मिळाली, तर तिची घरातली पतही बदलते. आणि पत बदलणे हा तिच्या स्वतःच्या विषादावरही उतारा असतो.

येथे वृद्धांच्या उत्पन्नाचा प्रश्न टाळता येत नाही. दारिद्र्यरेषेखालील साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धाला केंद्र सरकार दरमहा २०० रुपये देत आले. महागाई कोठल्या कोठे गेली, पण दीड दशकाहून अधिक काळ तो आकडा जागचा हलला नाही. महाराष्ट्र शासनाने श्रावणबाळ व संजय गांधी निराधार योजनेतील मासिक रक्कम २०२३ साली १,००० वरून १,५०० रुपये केली. ईपीएस-९५ खालील किमान निवृत्तिवेतन २०१४ साली १,००० रुपये ठरले, आणि दहा वर्षांनंतरही ते तेवढेच होते. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने २०१२ साली पेन्शन परिषद भरली, तेव्हा किमान वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन प्रत्येक वृद्धाला हक्काने मिळावे, ही मागणी मांडली गेली. ती आर्थिक मागणी म्हणून ऐकली गेली आणि आर्थिक कारणे सांगून बाजूला सारली गेली. परवडत नाही म्हणून रेल्वेतील वृद्धांची सवलतही मार्च २०२० मध्ये बंद झाली आणि महासाथ ओसरल्यावरही परत आली नाही. उलट, ऑगस्ट २०२२ पासून राज्यात पंचाहत्तरीपुढील लोकांना एसटीचा प्रवास मोफत झाला. त्याची टिंगल करणारे पुष्कळ आहेत. म्हातारे कारण नसताना हिंडतात, अशी त्यांची तक्रार असते. कारण नसताना बहिणीकडे जाऊन येणे, दुसऱ्या गावच्या जुन्या सोबत्याच्या ओट्यावर दुपार काढणे, हे ज्याला करता येते त्याला डॉक्टरची गरज कमी पडते, हे त्या टीकाकारांच्या हिशेबात धरलेले नसते.

करावयाचे ते फार मोठे नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि महापालिकेच्या दवाखान्यात दोन सोबती, त्यांत किमान एक स्त्री; वय पन्नाशीच्या पुढचे, आणि शक्यतो विषादातून स्वतः वर आलेले. निवड संघटनांनी, बचत गटांनी व ग्रामसभेने सुचवावी, शिक्षण जिल्हा रुग्णालयाने द्यावे. मानधन आरोग्यखात्याच्या नियमित अंदाजपत्रकातून निघावे, एखाद्या प्रायोगिक योजनेच्या शिल्लक निधीतून नव्हे. महिन्यातून एकदा मानसोपचारतज्ज्ञाने त्यांच्याबरोबर बसावे, आणि ज्यांना औषध लागेल त्यांना ते त्याच केंद्रात मिळावे. तहसील कचेरीत वृद्धांच्या अर्जांसाठी आठवड्यातील एक दिवस ठरावा आणि त्या दिवशी सोबत्याला अर्जदाराबरोबर बसायला खुर्ची मिळावी. जिल्हा नियोजन समित्यांच्या बैठकांत रस्ते, सभामंडप आणि स्वागतकमानी यांसाठी तरतुदी होतच असतात. येत्या वर्षाच्या आराखड्यात सोबत्यांच्या मानधनाचे कलम आहे की नाही, एवढा प्रश्न आपापल्या जिल्ह्यात कार्यकर्त्यांनी लेखी विचारावा आणि उत्तरही लेखीच मागावे.